रिले बदलून पाहू

यंत्राची निगा राखणं हीच खरी संस्कृती, बाकी सगळी सजावट, असं सिक्स्टेन ब्रोमानचं आयुष्यभराचं मत होतं. हे मत त्याने बुधवारच्या बैठकीत, आपल्या जुन्या स्टेशन वॅगनच्या बॉनेटवर हात ठेवून, उपस्थित तिघांना पुन्हा एकदा ऐकवलं. तिघांनी माना डोलावल्या. त्या बॉनेटखालचं क्रूझ कंट्रोल मे महिन्यापासून बंद होतं आणि संस्कृतीला ते दुरुस्त करता येत नव्हतं.

पूर्ण बंद असतं तरी परवडलं असतं. हमरस्त्याला लागून, वेग ठरवून, बटण दाबून पाय उचलला की गाडी तो वेग इमानाने धरायची. पण दोन-चार श्वासांपुरताच. मग मागून कोणीतरी शर्ट धरून ओढल्यासारखी ढिली पडायची आणि मागच्या ट्रकवाल्याचे दिवे आरशात मोठे व्हायला लागायचे. हे सिक्स्टेनच्या मनाला फार लागत असे. म्यॉल्बी नगरपालिकेत त्याने एकतीस वर्षं वाहतूक नियोजन केलं होतं; गावातली सगळी गोलचक्करं त्याची. लोकांना वेग कमी करायला लावणं हा त्याचा पेशा होता, स्वतःचा वेग कमी होणं हा नव्हे.

आणि ऑगस्ट जवळ आला होता. ऑगस्टमध्ये ग्रेन्नाला, बायकोच्या मावसबहिणीच्या तळ्याकाठच्या घरी, शेवंडांची मेजवानी असते. शेपूच्या पाण्यात उकडलेली तळ्यातली शेवंडं, डोक्याला कागदी टोप्या, आणि प्रत्येक पेल्याआधी एक गाणं. सिक्स्टेनला ना शेवंडं आवडत, ना टोप्या, ना गाणी. तो दर वर्षी जात असे, कारण न गेलेल्या माणसाबद्दल तिथे काय बोलतात हे त्याने गेलेल्यांमध्ये बसून ऐकलं होतं.

प्रश्न होता जायचं कसं, याचा. सिक्स्टेनचा उजवा गुडघा जुना होता आणि डावा खुबा नवा. खुबा गेल्या हिवाळ्यात बसवला, तो बरा चालत होता. गुडघा मात्र अॅक्सिलरेटर अर्धा तास दाबला की सुजायचा. गुनवोरने, म्हणजे बायकोने, यावर नळाखाली बटाटे धुता धुता निकाल देऊन टाकला होता.

"क्रूझ चालत असेल तर तू ने. नसेल तर होल्गेर येताना आपल्याला घेईल."

"होल्गेर लिन्शॉपिंगहून येणार. त्याला वाकडी वाट पडेल."

"म्यॉल्बी वाटेवरच आहे. नकाशे तू काढायचास ना?"

"तू विचारलंस त्याला?"

"सूलवेगला विचारलं. म्हणाली, बघू या."

होल्गेर हा सिक्स्टेनचा साडू. गुनवोरच्या धाकट्या बहिणीला, सूलवेगला, त्याने कोणत्या गुणांवर पटकावलं हे सिक्स्टेनला चाळीस वर्षांत कळलेलं नव्हतं. हा मनुष्य जन्मभर दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकत होता, आणि समोरच्याला मागे रेलायला लावून तोंड उघडं ठेवायला लावायची सवय त्याला लागलेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने विजेवरची नवी गाडी घेतली. ती स्वतः थांबायची, स्वतः पार्क व्हायची, पावसाचा थेंब पडायच्या आत काच पुसायची. गेल्या ऑगस्टमध्ये सिक्स्टेन खुब्यामुळे लंगडत होता, म्हणून त्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन ग्रेन्नापर्यंत गेला होता. हमरस्त्यावर होल्गेरने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मागे वळून पाहिलं.

"बघ साडूबुवा. आता गाडीच सगळं करते. मी इथे बसलो काय आणि तू बसलास काय, सारखंच."

त्या डब्यातला बर्फ ग्रेन्नाला पोचेपर्यंत सिक्स्टेनच्या पँटीत वितळला होता. पुन्हा त्या मागच्या सीटवर बसायचं नाही, एवढं एकच ध्येय घेऊन तो या वर्षी उठत-बसत होता. माणसं याहून कमी कारणासाठी राजकारणात जातात.

म्हणून जुलैचे सगळे बुधवार 'जुनी वाहने' मंडळाच्या स्वाधीन झाले. हे मंडळ गावातल्या बंद पडलेल्या दूध डेअरीत भरतं. तिथे गाडी वर उचलायचा एक जॅक आहे, एक कॉफीचं यंत्र आहे, आणि कोणतीही गोष्ट सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय करायची नाही असा नियम आहे. त्यामुळे कॉफीच्या यंत्राला जॅकपेक्षा जास्त काम पडतं. सभासद बरेच, पण भर उन्हाळ्यात, बाकी सगळे आपापल्या झोपड्यांवर मासे धरायला गेलेले असताना, येणारे तिघेच: एवर्ट, तागे आणि अध्यक्षा माय-लीस. ज्यांना झोपडी नाही किंवा झोपडीत कोणी थांबू देत नाही, असे.

एवर्ट टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. जगातला प्रत्येक बिघाड हा वायरीतला बिघाड असतो अशी त्याची श्रद्धा होती. तागे गोठ्यांमधून दूध काढायची यंत्रं बसवायचा. त्याच्या मते प्रत्येक बिघाड म्हणजे कुठेतरी गळती. सिक्स्टेनच्या गाडीतलं क्रूझ कंट्रोल जुन्या पद्धतीचं, हवा ओढून चालणारं. एक छोटा पंप नळीतून हवा ओढतो, त्या ओढीने रबराचा एक भाता आक्रसतो आणि भाता इंजिनाची तार खेचून धरतो. त्यात वायरी होत्या तशा नळ्याही होत्या, त्यामुळे दोघांचीही चंगळ झाली.

"नळी," तागे पहिल्याच बुधवारी म्हणाला. त्याने भात्याकडची नळी काढली, रुमालाने पुसली, तोंडात धरून हवा ओढली आणि भोकावर जीभ लावली. जीभ चिकटून बसली. तो तसाच, जीभ नळीला आणि नजर छताला लावून उभा राहिला. "गळत नाही," असं तो म्हणाला असावा.

"गायी तुला कशाच्या भरवशावर जवळ येऊ द्यायच्या?" एवर्टने विचारलं.

पुढच्या बुधवारी एवर्टची पाळी. त्याने फ्यूज काढून घासले, ब्रेक दाबायला सिक्स्टेनला आत बसवलं आणि मागचे दिवे लागतात का ते पाहायला तागेला मागे उभं केलं. लागत होते. ब्रेकच्या पेडलामागे एक छोटा स्विच असतो; पेडलाला पाय लागला की तो क्रूझ सोडून देतो. तो स्विच एवर्टने काढला, उलटसुलट पाहिला, परत बसवला. क्लचमागेही तसाच एक होता. तोही ठीक.

"पेडलं उत्तम आहेत," एवर्ट म्हणाला.

"पेडलांबद्दल कोणाची तक्रारच नव्हती," सिक्स्टेन म्हणाला. या दोघांना आपण नगरपालिकेत शिपाई म्हणूनही घेतलं नसतं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि पुढचा विचार आला की आपण तिथे असताना यांच्यापेक्षा वाईट लोक साहेब म्हणून घेतले होते. दोन्ही विचारांनी त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या बुधवारी माय-लीसने सुचवलं, गाडी आळीपाळीने चालवून पाहू या. माय-लीसने चर्चमधल्या गायनवृंदाला अर्धं आयुष्य ताल शिकवला होता. बेसूर माणसाकडे न पाहता त्याला बेसूर असल्याचं जाणवून देण्यात तिचा हात कोणी धरत नसे. सगळे निघाले. ती मागे, मांडीवर वेलदोड्याच्या पावांची पिशवी घेऊन.

तागेने चालवली. शेजारच्या मान्तॉर्प गावापर्यंत क्रूझ कंट्रोल खिळा ठोकल्यासारखं एकशे दहावर उभं राहिलं.

एवर्टने चालवली. परत येईपर्यंत तेच.

"बघितलंत?" सिक्स्टेन म्हणाला. "आता मुद्दाम नीट चालतंय. गोलचक्करावर पोलिस उभा असला की सगळे असेच चालवतात. सरका."

तो बसला, हमरस्त्याला लागला, बटण दाबलं. गाडीने वेग धरला, आणि सोडला. पुन्हा दाबलं. धरला, सोडला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

बाजूला बसलेला तागे खाली पाहत होता. मागून एवर्ट दोन सीटांच्या मधून डोकं घालून खाली पाहत होता. माय-लीसची पिशवी पडली, ती उचलायला ती वाकली आणि पिशवी उचलायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाकून राहिली. वर आली तेव्हा ती श्वास आत ओढून "हं" म्हणाली आणि शेतांकडे पाहू लागली.

"काय हं?" सिक्स्टेनने विचारलं.

"ओट यंदा लवकर पिकला," माय-लीस म्हणाली.

डेअरीत परत आल्यावर सिक्स्टेन संडासात गेला. मंडळाचा संडास म्हणजे पूर्वी लोण्याचे डबे ठेवायची जागा. मधली भिंत फळ्यांची, आणि त्या फळ्या सुकून एकमेकींना सोडून गेलेल्या. हे मंडळात सर्वांना माहीत होतं. पण आपल्याला माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी विसरणं हाही मंडळाचा एक नियमच होता.

"पाय," तागेचा आवाज आला.

"पाय," एवर्ट म्हणाला. "डावा. अख्खा वेळ क्लचवर ठेवून बसतो. वर ते लाकडी तळाचे बूट, एकेक विटेएवढा. क्लच बोटभर दबतो, स्विच सुटतो, खेळ खलास."

"मग सांग की त्याला."

"मी का म्हणून? तू बाजूला बसला होतास."

"मी मागच्या वर्षी त्याला सांगितलं होतं, टायरात हवा कमी आहे. नाताळापर्यंत बोलला नाही माझ्याशी."

"ते तर बक्षीसच की रे."

"हळू बोला," माय-लीस म्हणाली. "त्याला पाय बाजूला ठेवायला त्रास होत असणार. नवा खुबा आहे. त्याला 'पाय' म्हटलं की तो 'म्हातारा' ऐकणार, आणि मग आपल्याला वर्षभर ते तोंड बघावं लागणार."

"मग काय करायचं?"

"एवर्ट, तुझ्याकडे क्रूझचा जास्तीचा रिले आहे ना, ती वीज जोडायची-तोडायची डबी? तो बदलून पाहू."

"त्याचा रिले एकदम ठणठणीत आहे."

"असू दे ना. ठणठणीत काढायचा, ठणठणीत घालायचा."

"आणि मग चालला नाही तर?"

"पुढच्या बुधवारी पंप बदलू. मग बर्फावर चालायचे टायर घालायचे दिवस येतात, तोपर्यंत त्याला नवा विषय मिळतो. सगळ्यांचं एकमत आहे?"

एकमत होतं. गेल्या दोन वर्षांत इतक्या झटकन ते कधी झालं नव्हतं. मग पावांची पिशवी उघडल्याचा आवाज आला, आणि एवर्टने विचारलं, त्याच्या वाटचा ठेवायचा का.

सिक्स्टेन झाकण लावलेल्या भांड्यावर बसून होता. त्याला पहिला राग आला तो हा, की विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसताना चर्चा झाली. दुसरा राग तागेचा आला. त्या जिभेला आता मत होतं. तिसऱ्या रागाच्या वेळी त्याची नजर आपल्या डाव्या बुटाकडे गेली. चांगला भूर्जाचा तळ, वर गाईचं कातडं. त्याने पाय उचलून डावीकडे, गाडीत पाय टेकायची फळी असते त्या बाजूला, लांबवून पाहिला. खुब्यात कोणीतरी बोटाने टोचल्यासारखं झालं. पाय आपोआप परत आला, आणि हवेत नेमका तिथे थांबला जिथे क्लच असता.

याचा अर्थ ते बरोबर होते. याहून संतापजनक गोष्ट त्याला सुचेना. चूक माणसांना तुच्छ लेखणं सोपं असतं. बरोबर असलेल्यांना तुच्छ लेखायला मेहनत लागते. आता बाहेर जाऊन 'ऐकलं मी, पाय माझा होता' म्हणणं शक्य होतं. मग बातमी गुनवोरपर्यंत जाणार, गुनवोर बटाटे धुणार, आणि पुढे बर्फाचा डबा. सिक्स्टेनने उगाचच पाणी सोडलं, दार मोठ्याने लावलं आणि बाहेर आला.

"आमचा विचार चालला होता," माय-लीस म्हणाली, "की रिले बदलून पाहू."

"मला पहिल्या दिवसापासून रिलेचाच संशय होता," सिक्स्टेन म्हणाला. "म्हटलं, तुम्ही आपले आपण पोचाल."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. रिले बदलायला पाच मिनिटं लागतात. त्यांनी तासभर लावला, कारण सोंग घाईत वठत नाही. एवर्टने नवी डबी बसवताना फुंकर मारली. तागेने टॉर्च धरला, भर उन्हात.

मग चौघे पुन्हा हमरस्त्यावर. सिक्स्टेनने डावा पाय उचलून फळीवर नेला, दात आवळले, बटण दाबलं. गाडीने एकशे दहा धरला आणि धरूनच ठेवला. मान्तॉर्प आलं, गेलं. आत चार माणसं समोरच्या काचेतून सरळ पुढे पाहत होती. खाली पाहायची कोणाची छाती नव्हती.

"रिले," एवर्ट शेवटी म्हणाला.

"रिलेच," तागे म्हणाला.

"किती साधी गोष्ट असते," माय-लीस म्हणाली आणि सिक्स्टेनला राहिलेला पाव दिला.

त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेइतकं त्याला काहीच झोंबलं नाही. हे तिघे खोटं बोलले, ते पचलं, आणि आता तेच त्याच्यावर उपकार केल्यासारखे बसले होते. पुढच्या आठवड्यात तर एवर्टने जुना रिले घरी नेऊन उघडला आणि आत सोल्डरचा एक संशयास्पद टाका सापडल्याचं सर्वांना सांगितलं. त्याला तो खरोखरच सापडला होता. शोधणाऱ्याला काय सापडत नाही. तागेने तो भिंगातून पाहिला आणि म्हणाला, मला तर गळती वाटते.

सिक्स्टेनने घरी जाऊन होल्गेरला फोन लावला.

"यंदा मी नेतो," तो म्हणाला. "क्रूझ दुरुस्त झालं. रिले होता. तुम्ही आगगाडीने म्यॉल्बीला या, इथून माझ्या गाडीतून जाऊ."

होल्गेर क्षणभर गप्प राहिला. सिक्स्टेन त्या गप्प राहण्याची चव घेत उभा होता.

"हरकत नाही," होल्गेर म्हणाला.

"तुझी गाडी बिचारी एकटी राहील."

"राहू दे."

एवढ्यावर तो हरला. चाळीस वर्षांत तो कशावरही इतक्या सहज हरला नव्हता. सिक्स्टेन रात्रभर खुशीत जागा राहिला. निम्मा वेळ खुशीमुळे आणि निम्मा खुब्यामुळे.

मेजवानीच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. होल्गेर मागे बसला. बर्फाचा डबा सिक्स्टेनने स्वतःच्या हाताने त्याच्या मांडीवर ठेवला. हमरस्त्यावर त्याने पाय फळीवर नेला, बटण दाबलं आणि उजवा पाय उचलून सगळ्यांना दिसेल असा बाजूला ठेवला. डावीकडे खुबा आतून चरचरत होता, कपाळावर घाम फुटला होता.

"गरम होतंय का तुला?" गुनवोरने विचारलं.

"नाही."

"मग असा का बसलायस? दाताच्या खुर्चीत बसल्यासारखा?"

"चांगल्या खुर्चीत असं बसत नाहीत," मागून होल्गेर म्हणाला. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्याने क्रूझ कंट्रोलबद्दल काही विचारलं नाही. बाहेर तळं दिसायला लागलं तेव्हा सूलवेगने त्याला सांगितलं, तळं आलं. तो म्हणाला, हो, सुंदर आहे, आणि जंगलाच्या बाजूला पाहत राहिला. हा अपमान सिक्स्टेनने आपल्या खात्यावर जमा करून घेतला. हरलेला माणूस तळ्याकडेही पाहत नाही.

ग्रेन्नाला उतरताना सिक्स्टेनला दाराला धरून उभं राहावं लागलं. मग जेवण झालं. सगळ्यांनी कागदी टोप्या घातल्या, सगळ्यांनी गाणी म्हटली, आणि प्रत्येक गाण्यानंतर सगळ्यांनी पेले रिकामे केले, सिक्स्टेन सोडून. गाडी चालवणाऱ्याला या देशात थेंबही चालत नाही, आणि परक्या गादीवर झोपण्याचा त्याला तिटकारा असल्यामुळे परतायचंही आजच होतं. तो रंगीत टोपी घालून कोमट, बिनदारूची बिअर पीत बसला. समोर होल्गेर सहावं गाणं म्हणत होता, लाल झाला होता आणि शेवंडाऐवजी दोनदा रुमाल उचलून सोलायला लागला होता. तरीही सिक्स्टेन आतून शांत होता. त्याने आणलं होतं त्यांना इथे. त्याने, आणि त्याच्या गाडीने.

सूलवेग शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या ताटातलं एक शेवंड न विचारता सोलून दिलं.

"बरं झालं तू आणलंस," ती हळूच म्हणाली. "होल्गेर कोणाला सांगू देत नाही. एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं लायसन्स थांबवलं. कडेचं दिसत नाही आता त्याला. गाडी आम्ही तेव्हाच विकून टाकली."

सिक्स्टेनने बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"मग तुम्ही आम्हाला घ्यायला कसे येणार होतात?"

"घ्यायला कुठले रे. तू फोन केलास तेव्हा तो तुला सांगणारच होता, तुम्ही पण आमच्याबरोबर बसने चला म्हणून. लिन्शॉपिंगहून इथपर्यंत थेट बस आहे. म्यॉल्बीला थांबते."

बस दर तासाला होती.